सापाच्या पेटीत काय अंथरावं?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरताईंची उत्तरं

मागच्या महिन्यात पाळीव सापांच्या खाण्यावर थोडंसं लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली, त्यातली बरीचशी खाण्याबद्दल नव्हतीच. पेटीच्या तळाशी काय घालायचं, हाच प्रश्न सगळ्यांना पडलेला. दुकानदार त्याला सबस्ट्रेट म्हणतात, मी अंथरूण म्हणते. आपण अंथरुणावर रात्रीचे सात-आठ तास असतो, साप चोवीस तास असतो. त्याचं पोट, हनुवटी, नाकपुड्या सगळं त्यालाच टेकलेलं. म्हणून या वेळची सगळी पानं या एका विषयाला दिली आहेत.

प्रश्न : आदरणीय डॉक्टर मॅडम, मी विट्याला राहतो, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यातल्या मावसभावाने परदेशी जाताना त्याचा बॉल पायथन (अजगराची एक परदेशी जात) मला दिला. दीड वर्षाचा आहे, लांबी तीन फुटांच्या आसपास. ओळखीच्या वखारीतून लाकडाचा भुसा फुकट मिळतो, तो पेटीत चार बोटं घातला आहे. पण या वेळी कात तुकड्यातुकड्यांनी निघाली, आणि रात्री श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. भुसा कमी करावा का?
– एक वाचक, विटा

उत्तर : बाळा, कमी नको करू. हे वाचशील त्याच दिवशी सगळा काढून टाक. पेटी ओल्या फडक्याने पुसून घे, कोपऱ्यात पिठासारखी धूळ बसलेली असेल तीही काढ, आणि तळाला साधा पांढरा टिश्यू पेपर नाहीतर वर्तमानपत्राचे चार-पाच थर घाल. बाकीचं सावकाश वाच.

भुशाबद्दल इतक्या ठामपणे सांगते त्याचं कारण माझी स्वतःची चूक आहे. 2015 साली बदली होऊन चाललेल्या एका कुटुंबाने त्यांची बॉल पायथन मादी माझ्याकडे सोडली. मी नोकरीतली सगळी वर्षं म्हशी, शेळ्या, कोंबड्यांत काढलेली. कोंबड्यांच्या शेडमध्ये भाताचं तूस नाहीतर लाकडाचा भुसा अंथरायचा, हे मीच हजारो जणांना सांगितलेलं. त्याच सवयीने जवळच्या वखारीतून पोतंभर भुसा आणला आणि पेटीत घातला. नवव्या दिवशी सोनीच्या (मादीचं नाव सोनी) नाकपुडीशी बुडबुडा दिसला. दोन दिवसांनी ती मान वर करून, तोंड किंचित उघडून श्वास घ्यायला लागली. सापाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे त्याला जोर लावून खोकता येत नाही. आत साठलेला चिकट स्राव आतच राहतो. दीड महिना इंजेक्शनं दिली तेव्हा ती सावरली. अजून माझ्याकडे आहे, पण तो दीड महिना मी विसरलेली नाही.

ती बरी झाल्यावर मी वखारीत जाऊन विचारलं, त्या आठवड्यात काय काय कापलं होतं? साग, बाभूळ, आंबा, देवदारी खोक्यांच्या फळ्या, आणि कुणाच्या तरी जुन्या प्लायवूडचे तुकडे. सगळ्याचा भुसा एकाच ढिगात. देवदारासारख्या वासाच्या लाकडात उडून जाणारी तेलं असतात. कपाटात ती कसर मारतात म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो, पण बंद पेटीत तीच तेलं सापाच्या श्वसनमार्गाला आणि यकृताला त्रास देतात. प्लायवूडमध्ये डिंक, वाळवीचं औषध. आणि लाकूड चांगलं असलं तरी करवतीचा भुसा हा बारीकच, म्हणजे नाकात जाणारा. वखारवाल्याचा काही दोष नाही, तो चुलीसाठी आणि शेडसाठी भुसा विकतो. सापासाठी लाकूड वापरायचं तर ते कुठल्या झाडाचं आहे हे माहीत हवं, आणि ते धूळ काढलेल्या पातळ ढलप्यांच्या रूपात हवं.

आता तुझ्या सापाकडे येते. बॉल पायथन हा घाना, टोगो, बेनिन अशा पश्चिम आफ्रिकेच्या आणि तिथून मध्य आफ्रिकेकडच्या गवताळ मुलखातला. ऐकून वाटतं की माणदेशासारखाच कोरड्यातला जीव असणार. पण तो दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात असतो, आणि बीळ आतून दमट असतं. जमिनीवर ऊन, पोटाखाली ओल. हे दोन्ही एकत्र जमवायचं, एवढंच त्याचं अंथरूण ठरवताना डोक्यात ठेवायचं. त्याला पेटीत साधारण 60 टक्के आर्द्रता लागते, कात टाकायच्या दिवसांत त्याहून थोडी जास्त. मार्च ते मे महिन्यातली विट्याची हवा तुला मी सांगायला नको, ओठ फुटतात. त्यात भर म्हणजे भुसा. तो असेल नसेल तेवढी ओल शोषून बसतो. कात तुकड्यांनी निघाली ती यामुळे.

पत्रासोबत तू सापाचा फोटो पाठवलास, तो मी मोठा करून पाहिला. शेपटीच्या टोकाला जुनी कात अंगठीसारखी अडकली आहे. ती तशीच राहिली तर पुढच्या कातीला आणखी एक थर चढेल, रक्तपुरवठा तुटेल आणि टोक वाळून जाईल. उजव्या डोळ्यावरही जुना पापुद्रा दिसतो. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तो कातीबरोबर निघतो. तो राहिला असेल तर चिमट्याने, नखाने, चिकटपट्टीने काही करू नकोस, खालचा नवा खवलाही सोलून येईल. झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा घे, त्याला सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा थोडं मोठं भोक पाड, कडा घासून गुळगुळीत कर, आत ओलं करून पिळलेलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे एक प्रकारचं शेवाळ, भर. मॉस नर्सरीत ऑर्किडसाठी मिळतं. हा डबा पेटीत कायमचा ठेव. त्याला त्याचं बीळ मिळालं की निम्मी कामं आपोआप होतात. शेपटीची कात दोन-तीन दिवसांत मऊ पडेल, मग ओल्या फडक्यातून त्याला हळूहळू सरकू दे.

शिट्टीचं काय? कात टाकायच्या सुमारास नाकपुडीत पापुद्रा अडकूनही असा आवाज येतो. तसं असेल तर भुसा काढल्यावर आणि ओल मिळाल्यावर आठवड्यात थांबेल. नाही थांबला, बुडबुडे दिसले, तोंड उघडं ठेवायला लागला, तर घरी कसले प्रयोग करू नकोस. पुण्यात विदेशी प्राणी पाहणारे डॉक्टर आहेत. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयातही चौकशी कर.

दोन-तीन महिने कागदावरच राहू दे त्याला. दुसऱ्याच्या घरातून आलेला साप मी नेहमी पांढऱ्या कागदावर ठेवते. दिसायला पेटी उजाड वाटते, पण कागदावर काहीही लपत नाही. विष्ठा पातळ आहे का, युरेट म्हणजे लघवीचा तो खडूसारखा भाग पांढरा आहे की हिरवट, कुठे रक्ताचा डाग आहे का, सगळं एका नजरेत कळतं. मुख्य म्हणजे माइट, सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, दिसतात. खसखशीच्या दाण्याहून लहान, काळसर, चालणारे ठिपके. डोळ्याच्या कडेला, हनुवटीच्या खाचेत, पाण्याच्या भांड्यात बुडालेले. एकदा का ते जाड अंथरुणात शिरले की पेटीच काय, खोली साफ करताना जीव जातो. शाई चालते का, असं दोघांनी विचारलंय. कोरडं वर्तमानपत्र चालतं. चकचकीत, रंगीत, गुळगुळीत पानं घालू नका, ती पाणी शोषत नाहीत.

त्यानंतर तुझ्यासाठी माझी निवड आहे कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुगा, आणि सोडणाचेच बोटाच्या पेराएवढे तुकडे, निम्मे निम्मे. तुमच्या खानापूर-तासगाव भागात कोकोपीट मिळायला अडचण नाही. द्राक्षाची रोपवाटिका, ढोबळीचं पॉलिहाऊस, सगळीकडे त्याच्या दाबून केलेल्या विटा पडलेल्या असतात. पाच किलोची वीट भिजून साठ-सत्तर लिटर होते, तुला वर्षभर पुरेल. पण घेताना दोन गोष्टी विचार. धुतलेलं, कमी ईसीचं (ईसी म्हणजे क्षारांचं माप) आहे का? सोडण बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात कुजवतात, म्हणून कोकोपीटमध्ये मीठ राहतं. रोपांना जे सोसत नाही ते सापाच्या पोटाच्या कातडीलाही नको. आणि दुसरं, त्यात कुणी कॅल्शियम नायट्रेट, बुरशीनाशक, खत काही मिसळलंय का? रोपवाटिकेत उघडं पडलेलं पोतं घेऊ नकोस, बंद वीटच घे. घरी आणून चाळणीत घालून दोन-तीन पाण्यांनी धू, उन्हात टाक.

किती ओलं ठेवायचं याला माझ्याकडे एकच माप आहे. मूठभर घेऊन दाबायचं. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. फवारणी वरून करू नकोस. पेटीच्या दोन कोपऱ्यांत अर्धा अर्धा पेला पाणी ओत, ते खालून पसरेल. खालचा थर ओला, वरचा कोरडा राहायला हवा. साप सतत ओल्यावर पडून राहिला तर पोटाचे खवले तपकिरी होतात, फोड येतात, मग सडायला लागतात. कोरड्याने कात अडकते, चिखलाने पोट सडतं. म्हणून पेटीत आर्द्रतामापक हवाच, अंदाजाने हे जमत नाही.

एक राहिलं. तुझी हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, पेटीच्या खाली आहे असं फोटोत दिसतं. जाड अंथरूण उष्णता वर येऊ देत नाही. वर तापमापक 28 दाखवतो म्हणून आपण मॅट वाढवतो, आणि साप गरम जागा शोधत खाली उकरत जातो, थेट तापलेल्या काचेवर. पोट भाजलेला साप मी पाहिला आहे. मॅटच्या जागी अंथरूण दोन बोटांपेक्षा जाड नको, थर्मोस्टॅटची (ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणाऱ्या यंत्राची) तार काचेला चिकटवलेली हवी, अंथरुणावर टाकलेली नको. गरम बाजू 31-32 अंश, गार बाजू 26 च्या आसपास. आणि एप्रिल-मे महिन्यात तुमच्याकडे खोलीच जेव्हा 36 ला जाते तेव्हा मॅट बंद.

कागदपत्रांचं तू काही लिहिलं नाहीस. बॉल पायथन साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली आणि 2024 च्या नियमांनुसार ताबा असणाऱ्याने पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची आहे. साप भावाच्या नावावर असेल तर ताबा बदलल्याचीही नोंद लागते. हे आधी उरकून घे.

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही पाटणजवळ राहतो. मुलीने दहावीनंतर हट्टाने कॉर्न स्नेक घेतला. दुकानदाराने अस्पेनच्या ढलप्या दिल्या, उन्हाळाभर काही तक्रार नव्हती. आता श्रावणात त्यावर हिरवट-राखाडी बुरशी येते, आठवड्याला पोतं टाकावं लागतं. मुलगी म्हणते माती घालू, हे म्हणतात पेपर घाला. तुम्ही सांगाल ते करू.
– एक आई, पाटण तालुका

उत्तर : ताई, दुकानदाराने चुकीचं काही दिलेलं नाही. अस्पेन हे थंड मुलखातलं झाड, त्याच्या लाकडाला उग्र वास नाही, तेल नाही, आणि ढलप्या एकमेकींत अडकतात म्हणून सापाला त्यात बोगदे करता येतात. कॉर्न स्नेकला बोगदे फार आवडतात. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा साप, शेतं, पाइनची रानं, धान्याची कोठारं यांत उंदरांमागे फिरणारा. त्याला 40 ते 60 टक्के आर्द्रता पुरते. (एका वाचकाने विचारलंय की हा पाइनच्या रानात राहतो तर पाइनचा भुसा का वाईट? रानात वारा असतो, आणि झाड उभं असतं, किसलेलं नसतं. दोन फुटांच्या काचेच्या पेटीत तो वास कुठे जाणार?)

अडचण तुमच्या पत्त्याची आहे. मी पाटणला तीन पावसाळे नोकरी केली आहे. कपाटातल्या चपलांना बुरशी यायची, पापड तळेपर्यंत सादळायचे. कोयनेच्या त्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर अस्पेन टिकणार नाही. ते ओल धरतं आणि कुजतं, आणि त्या बुरशीची धूळ सापाच्या नाकात जाते. तोच साप आटपाडीला असता तर बारा महिने अस्पेनवर सुखात राहिला असता. वरच्या पत्रातल्या विट्याच्या मुलाला मी ओल वाढवायला सांगितलं, तुम्हाला ती घालवायला सांगते आहे. त्याचं आणि तुमचं अंतर शंभर किलोमीटरही नसेल, पण हवा वेगळी.

तर दोन हंगामांची दोन अंथरुणं करा. दिवाळीनंतर ते मेअखेर अस्पेन, चार-पाच बोटं जाड. पावसाळ्यात तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर, कागद. फक्त नुसता सपाट कागद नको, कॉर्न स्नेक बिथरतो, लपायला काही नाही म्हणून जाळीला नाक घासत बसतो आणि नाक सोलून घेतो. कागदाचे दोन सपाट थर घाला आणि वर पेपरच्या लांब पट्ट्या फाडून त्यांचा ढीग करा. मुलीला हे काम द्या. पुठ्ठ्याच्या नळ्या घाला, ओल्या झाल्या की फेकायच्या. पाण्याचं भांडं लहान करा आणि गार बाजूला ठेवा. झाकणाची जाळी मोकळी असू द्या, तिच्यावर टॉवेल टाकायची सवय असेल तर मोडा.

माती नको, निदान शेतातली नको. रासायनिक खत, तणनाशक, कीटकनाशक यांचं काय काय त्यात उतरलंय ते आपल्याला दिसत नाही. शिवाय आपली माती भिजली की चिकट होते, खवल्यांत जाऊन बसते. वाळली की ढेकळं. मुलीला मातीची जिवंत पेटी करायची हौस असेल, त्यात झाडं, स्प्रिंगटेल नावाचे मातीतले बारीक किडे, लाकूडकिडे सोडून विष्ठा कुजवणारी, तर ते फार सुंदर काम आहे. मी तिच्या बाजूने आहे. पण ते पावसाळ्यात सुरू करू नका आणि पहिल्या सापाबरोबर करू नका. तिला सांगा, आधी झाडांची रिकामी पेटी सहा महिने जगवून दाखव.

बुरशीवरून आठवलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला तेव्हा कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. वीज गेलेली, खिडक्या बंद, सोनीची पेटी वरच्या खोलीत हलवलेली. तिसऱ्या दिवशी कोकोपीटवर पांढरी जाळी पसरली. ते कोकोपीट चार वर्षं बिनतक्रार चाललं होतं. मी सगळं काढलं, घरातली रद्दी अंथरली आणि गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवत गेले. तेव्हापासून कोरड्या वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माझ्याकडे कायम असतो. तुमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज जाते, तुम्हीही ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे कारखान्याचा बगॅस (रस काढलेल्या उसाचा चोथा) आणि भाताचं तूस भरपूर आहे. मुलाच्या सापाला ते चालेल का? पाचटाची कुट्टी करून घातली तर?
– एक शेतकरी, वाळवा तालुका

उत्तर : दादा, तिन्ही नको.

बगॅसमध्ये थोडी साखर राहतेच. तुमच्या भागात मुंग्या किती लवकर हजर होतात ते तुम्हाला माहीत आहे, आणि पेटीत कोंडलेल्या सापाला पळायला जागा नसते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे साठवलेला बगॅस आतून तापतो आणि त्यात जी सूक्ष्म जिवाणूंची वाढ होते, तिच्या धुळीने कारखान्यातल्या कामगारांना फुप्फुसाचा आजार होतो. त्याला बगॅसोसिस असंच नाव आहे. माणसाच्या फुप्फुसाला जे सोसत नाही ते अंगठ्याएवढ्या जाडीच्या सापाला कुठून सोसणार? पाचटाच्या कडा करवतीसारख्या, कुट्टी केली तर त्या कडा वाढतात. तुसाची टोकं सिलिकामुळे टणक आणि धारदार असतात. भक्ष्याला चिकटून तोंडात गेली तर हिरडीत रुततात आणि तिथून तोंड यायला सुरुवात होते. शेंगांच्या टरफलांचंही कुणी सुचवेल, त्यांना बुरशी लवकर धरते.

पाचट तुमच्या उसाच्या सरीतच राहू दे, जमिनीचं भलं होईल. मुलाला रद्दी पेपर द्या, फुकटच आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या आवारात मुलांना मांडूळ सापडलं. विज्ञान खोलीत काचेच्या पेटीत ठेवलं आहे. त्याला नदीची वाळू घालावी की मुरमाड माती?
– एक शिक्षक, माण तालुका

उत्तर : सर, यातलं काहीच घालू नका. मांडूळ, धामण, कवड्या, नाग, आपल्या मातीतला कुठलाही साप पाळणं किंवा कोंडून ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, शिकवण्यासाठी असला तरी. आज वन खात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. ते येईपर्यंत पेटी सावलीत ठेवा, वर कापड टाका, मुलांना हात लावू देऊ नका. मांडुळाबद्दल जास्त घाई करा, कारण दोन तोंडांच्या आणि गुप्तधनाच्या खुळापायी हा गरीब साप चोरून विकला जातो. शाळेत आहे ही बातमी गावाबाहेर जायला वेळ लागत नाही. तो जाण्याआधी मुलांना एवढं जरूर दाखवा की दुसरं तोंड म्हणजे बोथट शेपूट आहे. त्याला डोळे नाहीत, जीभ नाही. आणि हा साप शेतातले उंदीर खातो.

प्रश्न : मॅडम, माझ्या बॉल पायथनने उंदराबरोबर नारळाच्या सोडणाचा तुकडा गिळला. दोन दिवस झाले. खूप घाबरले आहे. आणि पेटीला वास येऊ नये म्हणून मी आठवड्याला सगळं अंथरूण बदलून फिनेलने पुसते, ते बरोबर आहे ना?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुकडा केवढा होता ते लिहिलं नाहीस. नखाएवढा असेल तर नीट ऊब आणि पाणी मिळालेला, एरवी धडधाकट साप तो विष्ठेतून टाकून देतो. पुढचे आठ-दहा दिवस त्याला उचलू नकोस, गरम बाजू 31-32 वर आहे ना ते पाहा, पाण्याचं भांडं मोठं ठेव. पोट एका जागी टणक फुगलेलं दिसलं, ओकला, किंवा नेहमीच्या दिवसांच्या दुप्पट दिवस गेले तरी विष्ठा नाही, तर एक्स-रे काढून घ्यायला हवा. पोट दाबून पाहू नकोस, एरंडेल वगैरे पाजू नकोस.

पुढच्या वेळी उंदीर पूर्ण कोरडा करून दे. आपण बर्फातला उंदीर गरम पाण्यात उतरवतो, तो ओला असतो आणि ओल्याला सगळं चिकटतं. पेटीत एक सपाट फरशीचा तुकडा ठेव, नाहीतर केळीचं पान चालतं, आणि भक्ष्य चिमट्याने त्याच्यावर धर. खाण्यासाठी सापाला दुसऱ्या डब्यात हलवायची गरज नाही, बॉल पायथन तेवढ्यानेही खाणं सोडतो.

फिनेल मात्र आजपासून बंद. फिनेल, डांबरगोळ्या, मुंग्यांची पावडर यातलं काहीही सापाच्या खोलीतसुद्धा नको. फिनॉल वर्गातली द्रव्यं सापाला विषारी असतात, आणि जमिनीला नाक लावून फिरणाऱ्याला ती सगळ्यात जास्त लागतात. सांगली-मिरजेला हळद प्रत्येक गोष्टीवर औषध, म्हणून कुणी अंथरुणात हळद मिसळायला सांगेल. तीही नको, बारीक पूड आहे.

विष्ठा दिसली की त्याच दिवशी तेवढा भाग, आजूबाजूच्या मूठभर अंथरुणासकट काढ. असं केलंस तर सगळं बदलायची वेळ महिना-दीड महिन्यातून एकदाच येते. त्या वेळी पेटी गरम पाणी आणि साबणाने धू. एकाला दहा पाणी घालून केलेलं ब्लीचचं पाणी दहा मिनिटं ठेव, मग वास पूर्ण जाईपर्यंत धू आणि उन्हात वाळव. काचेचा वास गेला की नाही ते आपल्या नाकाने बघायचं, नाक अगदी आत घालून.

आणि सगळं एकदम नवं करू नकोस. जुन्या अंथरुणातली कोरडी, स्वच्छ दोन मुठी बाजूला काढून ठेव आणि नव्यात मिसळ. साप जिभेने वास टिपतो आणि टाळूतल्या इंद्रियाला पोचवतो, त्याला आपलं घर त्या वासावरून कळतं. दर आठवड्याला तू त्याचं घरच पुसून टाकत होतीस. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की तो सतत पेटीत फिरतो, लपायच्या जागेत जात नाही, दोनदा खाणंही नाकारलं. मला वाटतं ते इथूनच आलं आहे. तीन आठवडे अंथरुणाला हात न लावता फक्त घाण उचल, आणि तो दिवसा कुठे बसतो ते रोज वहीत लिहून मला पाठव.